वरून घालायचं काहीतरी

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर करायचा नसतो, एवढं शहाणपण बावीस वर्षांत मला यायला हवं होतं. पण त्या रविवारी एकतीस डिसेंबरच्या कार्यक्रमाची कामं वाटली जात होती आणि जो तो मोठमोठी कामं पटकावत होता. पावभाजी बी विंगनं उचलली. खुर्च्या आणि मांडव सेक्रेटरींनी घेतला. मांडववाला त्यांचा साडू आहे. केक दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे. त्या मूळच्या वसईच्या, नाताळचा केक त्यांच्या घरी होतोच, त्याच घाण्यात एक मोठा आपला. पेयांवर जरा वादावादी झाली आणि सरबतंच करायची पण त्यांना मॉकटेल म्हणायचं, असा तोडगा निघाला. यादीच्या तळाशी एक बारीक शब्द उरला होता : गार्निशिंग. मी म्हटलं, कोथिंबीर चिरायची, खोबरं खवायचं, संपलं. केला हात वर.

सेक्रेटरींनी वहीत 'वार्निशिंग – ए विंग, चौथा मजला' असं लिहिलं. तेव्हा मी हसले होते.

रात्री कमिटीतल्या एका मुलीनं मला अकरा फोटो पाठवले. संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्या, त्यांतून पलीकडचं दिसतंय. साखरेत घोळलेल्या लालबुंद क्रॅनबेरी, जणू बर्फात पडल्यात. हिरव्या काड्यांचा कसलासा तुरा, तो रोझमेरी. पाकवलेल्या साली. चंदेरी मणी. ग्लासाच्या काठाला लावलेलं तिखटमीठ. खाली लिहिलं होतं, "काकू, सगळं एडिबल हं! म्हणजे टाकायचं काही नाही."

या 'एडिबल'वर मी अंथरुणात बराच वेळ विचार केला. खाता येईल असं. जेवणाच्या पानावर ठेवलेल्या वस्तूबद्दल हे मुद्दाम सांगावं लागतं, तिथंच पाणी मुरतंय. पोह्यांवरच्या कोथिंबिरीला कुणी 'खाण्यायोग्य कोथिंबीर' म्हणत नाही. श्रीखंडावरची चारोळी तर खायचीच असते. लग्नाच्या पंगतीत आम्ही पोरं आपापल्या वाटीतल्या चारोळ्या मोजायचो आणि शेजारच्याकडे एक जास्त निघाली की वाढप्याला परत बोलवायचो. ती चारोळी कुठून येते ते तेव्हा ठाऊक नव्हतं. चाराची झाडं रानातली. ते जांभळट-काळं फळ गोळा करायचं, त्याचा गर काढायचा, आतलं दगडासारखं कवच फोडायचं, मग ती मसुरीएवढी बी हाती लागते. एवढा खटाटोप, आणि काम काय, तर वरून घालायचं.

केशराचं त्याहून वरचं. एका फुलात तीन काड्या आणि किलोभर केशराला सुमारे दीड लाख फुलं. म्हणजे कुल्फीवर चार काड्या घालून हॉटेलवाला ज्या ऐटीत ती समोर ठेवतो, ती ऐट साधारण सव्वा फुलाची असते. तरी आपण ती चाटूनपुसून खातो. बाजूला काढून ठेवलेलं केशर मी अजून पाहिलेलं नाही.

बाजूला काढतात तो कढीपत्ता. आणि ग्लासाच्या काठावर खोचलेली लिंबाची चकती. तिचं नेमकं काय करायचं हे मराठी माणसाला अजून उमगलेलं नाही. आमचे हे ती ग्लासातच पिळतात, मग ते पेय लिंबाचं असो वा आंब्याचं.

असो. दुसऱ्या दिवशी संत्री आणली. नागपूरची. पाच मिलिमीटरपेक्षा जाड नको अशी मला ताकीद होती, म्हणून धारदार सुरी घेऊन बसले. नागपुरी संत्र्याचा मोठा गुण म्हणजे त्याची साल सैल असते. प्रवासात, सिनेमाला, शाळेच्या मधल्या सुट्टीत नखानंसुद्धा सुटते. तोच गुण इथं माझ्या मुळावर आला. चकती कापली आणि उचलली की सालीची बांगडी माझ्या हातात आणि गर ओट्यावर. मधे बिया. सुरी बीवर आपटली की चकतीचे दोन तुकडे. बारा संत्र्यांतून धड चकत्या निघाल्या नऊ. त्या ओटीजीमध्ये शंभर अंशांवर बटर पेपर घालून ठेवल्या. दर अर्ध्या तासानं उलटायच्या. चार तास. ज्या फळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्यावर मी सोमवारची अख्खी दुपार हा प्रसंग आणला. कडा काळ्या झाल्या, मधला भाग मात्र चिकटच. विजेचा मीटर बाहेर गरगर फिरत होता तो वेगळाच.

घरात वास मात्र असा सुटला की शेजारीण उदबत्ती कुठली म्हणून विचारायला आली.

मग मोसंबी आणली. मोसंबीची साल अंगाला घट्ट, त्यामुळं चकत्या झोकात निघाल्या. वीज वाचवायची म्हणून गच्चीवर जुनं धुवट लुगडं अंथरलं आणि त्यावर मांडल्या, चारी कोपऱ्यांना विटा. डिसेंबरचं ऊन ते काय, दोन दिवस लागले. गच्चीवर फिरायला येणाऱ्या तीन आजींनी तीन दिशांनी पाहणी केली. "कुरडया का गं, या दिवसांत?" एकीनं विचारलं. मी म्हटलं, "नाही, मोसंबी आहे." "आजारी आहे का कुणी?" दुसरीनं विचारलं. मी म्हटलं, "नाही, शोभेसाठी वाळवतेय." यावर तिघी काही बोलल्या नाहीत. वाळवण घालणाऱ्या बाईला आमच्या बिल्डिंगमध्ये मान आहे. शोभेसाठी वाळवणारीसाठी अजून जागा ठरलेली नाही. तिसऱ्या आजींनी जाताना एवढंच सांगितलं की कावळा येतो, काठीला काळं फडकं बांध. कावळा आला. त्यानं एक चकती चोचीत धरून टाकीवर नेली, उलटीसुलटी करून पाहिली आणि टाकून दिली. हा इशारा मी तेव्हाच ओळखायला हवा होता.

वाळल्यावर मोसंबीचा रंग गेला आणि ती काकडीच्या फोडींसारखी दिसू लागली.

पाकवलेल्या सालींसाठी मी दुसऱ्या मजल्यावर गेले. काकूंच्या टेबलावर नाताळचा फराळ चालू होता. कुलकुल करायला बसल्या होत्या. पिठाची बोराएवढी गोळी घ्यायची, नव्या कोऱ्या फणीच्या दातांवर अंगठ्यानं दाबत न्यायची आणि अलगद गुंडाळायची. शिंपल्यासारखी नक्षी उठते. दुकानदाराला फणी स्वयंपाकाची हवी असं सांगितलं की तो अजून चमकतो, म्हणाल्या. एका ताटात काजूचं मार्झिपान साच्यातून काढून ठेवलेलं, गुलाबी फुलं आणि पिवळी पेअर. युरोपात हे बदामाचं करतात. आपल्याकडे काजू हाताशी. केकची फळं त्यांनी ऑक्टोबरातच रममध्ये भिजवली होती. बरणी उघडून वास दिला. मी आणखी जरा वेळ बसले.

"काकू, वर लावायला चेरी घेऊ का?"

"घे की. पण ती चेरी नाही हं."

आणि मग मला या व्यवसायातलं गुपित समजलं. बेकरीच्या केकमधली टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. तिचे तुकडे पाकवून लाल, हिरवे, पिवळे रंगवतात. आणि केकच्या शेंड्यावर दिमाखात बसलेली ती लाल चेरी पुष्कळदा आपलं करवंद असतं! बी काढायची, पाकात मुरवायचं, लाल रंग द्यायचा. डोंगराची काळी मैना, मे महिन्यात पानाच्या द्रोणातून विकली जाणारी, ती हिवाळ्यात ओठ रंगवून चेरीच्या नावानं मिरवते. मी त्या चेरीला लहानपणापासून परदेशी समजून भाव देत आले. वाढदिवसाला ती कुणाच्या वाट्याला येणार यावरून भावाशी मारामारी केली आहे, आणि त्याच सुट्टीत आजोळी तीच फळं फुकट तोडून तोंडाचा चीक धूत बसलेय.

सालींचं काकूंनी असं सांगितलं की संत्र्याची साल पातळ, पाकवली की चामडं होतं. जाड पांढऱ्या गराची साल हवी. खरा मान महाळुंगाचा. युरोपातल्या जुन्या फ्रूटकेकमध्ये पाकवलेली साल असते त्यात याचीही असते. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे तेही महाळुंगच. देवीच्या हातचं फळ केकात जातं हे ऐकून मी हरखले आणि मार्केट पालथं घातलं. महाळुंग मिळालं नाही. भाजीवाल्यानं "तेच समजा" म्हणून ईडलिंबं दिली.

पण ईडलिंबानं लाज राखली, हे कबूल करायला हवं. जाड सालीच्या करंगळीएवढ्या पट्ट्या कापल्या. तीन वेळा उकळून तिन्ही पाणी फेकली, नाहीतर कडूजहर. मग सालींच्या वजनाएवढी साखर, बुडतील इतकं पाणी आणि मंद आच. तासाभरानं पट्ट्या काचेसारख्या दिसायला लागल्या. चाळणीवर निथळल्या, रात्रभर सुकवल्या, सकाळी साखरेत घोळवल्या. एक तोंडात टाकली. आधी साखर करकरते, मग आंबट, अगदी शेवटी जिभेच्या टोकाला एक कडू टाचणी. फार सुरेख झाल्या होत्या. मी त्या डब्यात भरून फडताळात ठेवल्या. दोन दिवसांनी डबा रिकामा. आमचे हे म्हणाले, "ती आवळासुपारी छान होती हं, जेवणानंतर हलकं वाटतं. पुन्हा कर."

याच सुमारास माझ्या लक्षात आलं की जी सजावट चांगली जमते, ती समारंभापर्यंत टिकत नाही. टिकते ती कावळ्यानं टाकलेली.

क्रॅनबेरीचा मी नाद केला नाही. रोझमेरीचा केला. वाण्याकडे नव्हती. औषधाच्या दुकानात विचारलं तर त्यानं ताबडतोब काढून दिली; बाटली होती, केस वाढायची. फुलवाल्याकडे गुलाबाच्या पाकळ्या मागायला गेले, बर्फात गोठवायला म्हणून. त्यानं पाकीट बांधता बांधता कशाला हव्यात विचारलं आणि मी सांगताच हात आखडता घेतला. "ताई, याच्यावर फवारणी असते. देवाला चालतात, माणसाला नाही." असा सच्चा माणूस. मी गोकर्णाची फुलं घरच्या कुंडीतली घेतली. त्यांचा निळा बर्फ लिंबाच्या सरबतात सोडला की हळूहळू जांभळा होतो. आंबटानं त्याचा रंग बदलतो. ते मला आवडलं. पण फुलं निघाली सात आणि माणसं एकशे दहा.

राहिले चंदेरी मणी. माझ्याकडे न्यू जर्सीच्या भाचीनं दिलेली एक बाटली होती. चष्मा लावून वाचलं तर त्यावर फक्त शोभेसाठी असं छापलेलं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या लेखी ते मणी खाद्य नाहीतच. केक सजवा आणि खाण्याआधी वेचून काढा, असा त्यांचा रिवाज. बेदाणे वेचायला लावणारी सासू ऐकली होती, केकमधून मणी वेचायला लावणारं सरकार प्रथमच. त्यापेक्षा आपला वर्ख बरा म्हणून तो आणला. तर पाचव्या मजल्यावरच्या जैन शेजारीणबाईंनी हळूच विचारलं, "कसा कुटलेला आहे?" पूर्वी चांदीचा पत्रा जनावरांच्या आतड्याच्या पापुद्र्यांत ठेवून कुटायचे. २०१६ सालच्या नियमानं वर्ख बनवताना कुठल्याच टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरायची नाही आणि चांदीही ९९९ शुद्धतेची हवी. मी त्यांना पाकीट दाखवलं, त्यांनी ते माझ्यापेक्षा बारकाईनं वाचलं आणि मान हलवली. मग मी पंखा बंद केला, श्वास रोखला आणि अंजिरावर वर्ख टेकवायला गेले, तेवढ्यात बेल वाजली. यांनी दार उघडलं. वाऱ्याच्या एका झोतात निम्मा वर्ख माझ्या बोटांना, थोडा भुवईला. ९९९ शुद्ध.

सासूबाई हे सगळं आतल्या खोलीतून बघत होत्या. मोठ्या दिरांच्या नातवाचं बोरन्हाण संक्रांतीनंतर होतं आणि पणतवाच्या अंगावर घरचाच हलवा चढला पाहिजे म्हणून त्यांनी ऐंशीव्या वर्षी काटेरी हलवा धरला होता. पहाटे पाचला उठायचं, कारण काटा थंडीतच येतो. छोट्या शेगडीवर परात, शेगडी नावापुरती पेटलेली. परातीत मूठभर खसखस. शेजारी दूध घालून मळी काढलेला एकतारी पाक. त्यातला चमचाभर, चमचाभर म्हणजे अर्धाच, दाण्यांवर सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. सुके झाले की पुन्हा अर्धा चमचा. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटून लाडू. आच वाढली की साखर पिवळी. बोलायचं नाही. तास, दीड तास. मग परात झाकून उद्यावर. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी दाणा नुसता फुगतो. तिसऱ्या दिवशी मी दिव्याखाली वाकून पाहिलं तर प्रत्येक दाण्याला सगळ्या बाजूंनी बारीक, पांढरे, टोकदार काटे फुटलेले. सासूबाईंच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती.

युरोपातही जुन्या काळी हेच करायचे, बडीशेपेवर, धण्यांवर, बदामांवर थरावर थर पाक चढवत. नाताळच्या गोष्टींमधला 'शुगर प्लम' तो हाच, प्लमशी त्याचा संबंध नावापुरता. चायकोव्हस्कीच्या 'नटक्रॅकर' या १८९२ सालच्या बॅलेत जी शुगर प्लम परी चवड्यांवर नाचते ती म्हणजे आपल्या भाषेत हलव्याची परी. हे मी सासूबाईंना सांगितलं. "गुडघे कसे आहेत तिचे?" त्यांनी विचारलं आणि अर्धा चमचा पाक सोडला.

एकतीसच्या दुपारी त्या झोपल्या असताना मी त्यातला दोन वाट्या हलवा काढून घेतला. हे इथं लिहून टाकते, म्हणजे घरात वेगळं सांगावं लागणार नाही.

संध्याकाळी टेबल मांडलं. खरं सांगते, दिसत छान होतं. काळ्या-तपकिरी केकवर पांढरा काटेरी हलवा पेरलेला, हिमवर्षाव झाल्यासारखा, कडेला करवंदं ऊर्फ चेऱ्या. कोकम सरबताच्या ग्लासांच्या काठांना लिंबू फिरवून तिखटमिठात उलटे टेकवलेले. प्रत्येक ग्लासावर एक चकती, शक्यतो संत्र्याची, संपल्यावर काकडीसारखी मोसंबीची. आणि रोझमेरीच्या जागी, काहीतरी हिरवं हवंच म्हणून, तुळशीचा एकेक तुरा.

पहिला ग्लास सी विंगमधल्या आजोबांनी घेतला. त्यांनी त्यात तुळस पाहिली, क्षणभर थांबले, चपला काढल्या, उजव्या तळव्यावर थोडं कोकम ओतून घेतलं, प्यायले आणि तोच हात डोक्यावरून फिरवला. मग मागच्या रांगेला म्हणाले, "प्रसाद आहे, सांडू नका." झालं. पुढची तीस-चाळीस माणसं ओंजळ करूनच आली. मॉकटेलच्या टेबलाशी चपलांचा ढीग पडला. कमिटीतली ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मी नॅपकिनच्या घड्या घालत होते.

काठाच्या तिखटमिठाबद्दल दोन तक्रारी आल्या. एक म्हणजे ग्लास नीट विसळलेले नाहीत. दुसरी, सरबत संपलं पण काठ उरलाय, नुसता काठ पुन्हा मिळेल का? ते गृहस्थ ग्लास गोल फिरवत, पेरूची फोड खावी तसा, पद्धतशीर चाटत उभे होते. मी त्यांना बशीतच तिखटमीठ दिलं.

चकत्या कुणी खाल्ल्या नाहीत. एका काकांनी भिडेखातर एक तोंडात घातली आणि पुढची दहा मिनिटं सेक्रेटरींच्या भाषणाला नुसती मान डोलवत राहिले. पोरांनी त्यांची चाकं करून जिन्यावरून सोडली. बाकीच्या बशीच्या कडेला, रिकाम्या ग्लासात, कुंडीत आणि एक माझ्याच पर्समध्ये सापडली.

केकवरचा हलवा मात्र केक कापायच्या आधीच संपला. पोरं येताजाता बोटानं टिपत होती, त्यांच्या आया पोरांना दटावून स्वतः टिपत होत्या. वसईच्या काकूंनी पाच-सहा दाणे तळहातावर घेऊन दिव्याखाली धरले, काटे पाहिले आणि "हे कुणी केलं?" एवढंच विचारलं. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी आधी केककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

बोरन्हाणाला हलवा कमी पडला. पाव किलो विकतचा आणावा लागला. त्याला काटा नव्हता.

पुढच्या वर्षीची यादी परवाच्या मीटिंगमध्ये झाली. वार्निशिंग माझ्याकडेच ठेवलंय, अनुभव आहे म्हणून. मोसंबीच्या पस्तीस चकत्या अजून हवाबंद डब्यात आहेत, उत्तम स्थितीत, मुंगीनंही हात लावलेला नाही. तुमच्याकडे काही समारंभ असेल आणि वरून घालायला काहीतरी हवं असेल, तर घेऊन जा. डबा परत नाही आणलात तरी चालेल.